डब्यावरून माणूस

दामू तामोरे माणूस ओळखायला चेहरा बघत नाहीत, आणि आधार कार्ड पुढे केलं तर ते बाजूला सारतात. ते एकच विचारतात, "डब्यात काय आणायचा?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी तापले होते. मी तशी लवकर तापते, पालघरच्या कोर्टात चहावाल्यालाही ते ठाऊक आहे. लहानू दुमाडाच्या केसचे कागद घेऊन मी भर दुपारी बोईसरला त्यांच्या खोलीवर गेले होते. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पूर्वी सिमेंटच्या पत्र्यांचा एक कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला. पत्र्यात घालायचं अ‍ॅस्बेस्टॉस गोण्यांतून यायचं, कापसासारखं पांढरं, आणि त्या गोण्या फोडायला कंत्राटी माणसं ठेवलेली. ती पूड त्यांच्या छातीत जाऊन बसली आणि आता इतक्या वर्षांनी एकेकाला धाप लागते. कायद्याने भरपाई मिळते. पण त्याआधी सिद्ध करावं लागतं की मी तिथे कामाला होतो, आणि कंत्राटदाराने तर कुणाचं नाव हजेरीपत्रकावर चढवलंच नव्हतं. लहानूकडे डॉक्टरांचा कागद होता, कामाचा एकही नव्हता. कुणीतरी म्हणालं, दामूकाकांना भेटा, ते गोण्या फोडायच्या खात्यातच होते, तिथल्या प्रत्येकाला ओळखतात.

"लहानू दुमाडा," मी म्हटलं.

"नाव कशाला सांगता? तिथं पाच लहानू होते. डब्यात काय आणायचा?"

"मी त्याची वकील आहे काका, बायको नाही."

"मंग बायकोला विचारा."

विचारलं. काय करणार? फोनवर लहानूची बायको सोमी म्हणाली, नागलीची भाकर नि उडदाची चटणी. दामूकाकांनी डोळे मिटले. "भाकर जाडी. कडंला जरा जळकी. हां, हा लहानू. मिक्सरच्या डाव्या अंगाला गोन्या फोडायचा. जेवायला आमी लोखंडी जिन्याखाली बसायचो." मग डोळे उघडून म्हणाले, "लिवा. कुठं सही करू?"

अशी आमची जोडी जमली. भरपाई आयुक्तांसमोर दामूकाका साक्षीला उभे राहिले की बाकीच्या केसचे लोकही ऐकायला थांबायचे. कंपनीच्या बाजूने एक टापटीप वकील येतो. त्याने उलटतपासणीत विचारलं, "तामोरे, इतक्या वर्षांपूर्वीचा डबा तुम्हाला आठवतो? मी स्वतः आज सकाळी काय खाल्लं ते मला आठवत नाही."

"साबुदाणावडा," दामूकाका म्हणाले. "कोटाला कूट लागलाय."

आयुक्तसाहेबांनी चष्मा पुसायला घेतला. वकिलाने कोट झटकला आणि दुसरा डाव टाकला. तुमच्या खात्यात गणपत नावाचा एक माणूस रोज पुरणपोळी आणायचा, बरोबर? असा कुणी नव्हताच, हे वकिलालाही माहीत होतं आणि मलाही. दामूकाका शांतपणे म्हणाले, "नाय साहेब. रोज पुरनपोळी आननारा असता तर आमी त्याला घरी जाऊ दिला असता काय?"

पण हा माणूस खोटी साक्ष देत नाही. मी एकदा आडून सुचवून पाहिलं, त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. एकदा तर पंचाईतच झाली. एक चांगलाच आजारी माणूस आला, कागदपत्रं बघूनच कळत होतं की हा खरा आहे. दामूकाकांनी विचारलं, डब्यात काय? तो छाती काढून म्हणाला, मटण. काकांनी तडक सांगितलं, मी तुला ओळखत नाय. माणूस रडकुंडीला आला. मी काकांवर ओरडले, काका माझ्यावर ओरडले, आणि शेवटी त्या माणसाने मान खाली घालून सांगितलं, की नुसती भाकर असायची, मीठ-मिरची लावून.

"मंग असं बोल ना," काका म्हणाले. "पंप हाऊसच्या भिंतीला पाठ लावून बसायचास. मीठमिरचीची लाज कसली रे तुला? मटन बोललास नि मला वाटला कोन दुसराच आला."

तारखा पडायच्या त्या कोळगावच्या सरकारी कचेऱ्यांपासून माझं ऑफिस जवळ, त्यामुळे तारीख नसली तरी काका यायचे. बरोब्बर एक वाजता. मी डबा उघडला की वाकून बघायचे आणि शेरा मारायचे. "वकीलबाई, आज परत दुधी?" घास पुढे केला तर मात्र हात मागे. "नाय नाय, मी जेवून आलो." बोलता बोलता खोकल्याची उबळ यायची. विचारलं तर म्हणायचे, बोंबलाचा काटा अडकलाय. असा कसला काटा, जो दोन वर्षं निघत नाही? मी हट्टाने त्यांना तपासणीला नेलं. छातीचा फोटो निघाला, वैद्यकीय मंडळाचा कागद आला, आणि तो काटा कसला ते कळलं. लहानूला होतं तेच. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली, पुढेमागे घरी ऑक्सिजन लागेल म्हणाले. काका खोलीचं भाडं कसंबसं भरतात. भरपाई मिळाली नाही तर ऑक्सिजन कुठून येणार होता?

तरी दावा करायला तयार होईनात. आज नको, उद्या बघू. मी वैतागून म्हटलं, "जगाच्या साक्षी देत फिरता, स्वतःची वेळ आली की कुठे जाता? सांगा, तुमच्या डब्यात काय असायचं?"

"पापलेटचं कालवन नि भात," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले.

"रोज?"

"रोज. मुरब्याचा मानूस मी."

मुरबे कोळ्यांचं गाव, तिथला असेल. पण कंत्राटी मजुराच्या डब्यात रोज पापलेट? मी दाव्याच्या कागदावर सही घेतली.

सुनावणीत तो टापटीप वकील अगदी खुशीत होता. काकांसाठी मी ज्यांना ज्यांना उभं केलं ते सगळे स्वतः दावेदार. आज हा त्याचा साक्षीदार, उद्या तो ह्याचा, असं तो म्हणाला, आणि साहेबांनी मान हलवली. मला रात्री झोप लागेना. कारखान्यात कामाला नसलेलं आणि तरीही दामू तामोरे तिथे होते हे सांगू शकेल असं कोण मिळणार? लहानू तर तोवर गेला होता. शेवटी सहज म्हणून मी डोंगरातल्या पाड्यावर सोमीकडे गेले.

पापलेटचं ऐकून ती तोंडाला पदर लावून हसली. "पापलेट? बाई, त्याला डबाच नव्हता. आय लहानपनी मेली, बायको केली नाय. त्याला कोन रांधून देनार?"

मग तिने सांगितलं ते ऐकून मी पाटावर बसूनच राहिले. जुन्या काळी शिकायला आलेली गरीब मुलं वार लावून जेवायची, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. जिन्याखालच्या त्या माणसांनी दामूकाकांचे वार लावले होते. आपापसांत ठरवून, आणि त्यांना एका अक्षराने न कळू देता. ज्याचा वार असेल तो म्हणायचा, आज भूक नाय, डब्यात उरलंय, संपव रे दामू. म्हणून त्यांना प्रत्येकाचा डबा पाठ होता. आणि माझ्या डब्यातला घास ते का घेत नव्हते, तेही मला तिथे कळलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचं उरलेलं खाल्लं असं समजणाऱ्या माणसाला आता नव्याने कुणाचं उरलेलं नको होतं.

सोमीच्या साक्षीवर दावा मंजूर झाला, हे आधीच सांगून टाकते.

साक्षीच्या दिवशी काका मागच्या बाकावर बसले होते. सोमी काय सांगणार हे मी त्यांना बोलले नव्हते. वकिलाने तिला विचारलं, "तुम्ही कारखान्यात कधी पाऊल ठेवलं नाही, मग हे तिथे होते हे कशावरून?"

"सोमवार आमचा होता," सोमी म्हणाली. "मी दोन भाकरी जास्त थापायची. नि सुकट भाजून द्यायची. आमच्या घरात सुकट कोन तोंडात घालत नाय. हा दर्याकाठचा, म्हनून बाजारातून आनायची. माझा घरवाला घरी येऊन सांगायचा, आज दामू जेवला."

साहेब लिहायचे थांबले. टापटीप वकिलाने आणखी काही विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्याचे मी आभार मानते.

बाहेर आल्यावर दामूकाका सोमीसमोर उभे राहिले. तिच्याकडे बघेनात. पायरीकडे बघत म्हणाले, "वयनी, लहानू मला बोलायचा, उरलंय."

"उरायला आमच्या घरात होतं काय, दामूदादा?" सोमी म्हणाली.

काका तिथेच पायरीवर बसले आणि रडले. वकिलाने अशिलापुढे रडू नये म्हणतात. मी रडले.