आबांच्या डोक्याचं कुलूप

बसा भाऊ, इकडं सावलीत. या तोतारामआबांच्या डोक्याला कुलूप कसं लागलं ते सांगतो. चहा येईपर्यंत होतंय सांगून.

समोर दिसतंय ना, ते आबांचं केळी पिकवायचं चेंबर. हिरवे घड आत ठेवायचे, गॅस सोडायचा आणि वेळेवर दार उघडून हवा द्यायची. उशीर झाला की बठ्ठा, सगळाच्या सगळा, माल काळा. आणि आबांचा स्वभाव असा, की आरशात बघितलं तरी विचारतील, "हाऊ कोन शे?"

किल्लीवर त्यांचा भरवसा नाही, झोपेत कोणी साबणावर छाप काढील. अंगठ्याचं मशीन आणलं, तर केळीच्या चिकानं अंगठे काळेठिक्कर, मशीन ओळखेना. शेवटी पोरगा हितेंद्र डोक्याला बांधायचा पट्टा घेऊन आला.

"आबा, हा पट्टा मेंदूच्या लहरी ओळखतो. त्या चोरता येत नाहीत. फक्त दर वेळी एकच गोष्ट मनात आणायची, की दार उघडतं."

"नोंद फक्त मना डोकानी. तुनी बी नको."

आबांनी डोळे मिटले. पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला. जुनी किल्ली त्यांनी त्याच दिवशी तापीत फेकली. मनात काय आणलं, ते बायकोलाही सांगितलं नाही.

बांधाला लागून शालिग्रामनानांचा मळा. आपले घड हाच नेतो, हा आबांचा जुना संशय. श्रावणात कानबाई बसली, नारळाच्या रूपात पुजतो ती आमची देवी, तेव्हा आबांच्या घरी नानांनी सगळ्यांसमोर नारळ हातात घेतला. "कानबाईनी आन! तुनी केयीले मी कधी हात लाया नई."

कानबाईची शपथ म्हणजे विषय संपला. दोघं एका ताटात खीर जेवले. आबा त्या रात्री दार चाचपायला उठलेसुद्धा नाहीत.

सकाळी ट्रक दारात. आबांनी पट्टा बांधला. दिवा लाल.

"आबा, मन शांत ठेवा," हितेंद्र म्हणाला.

आबांची बायको धुरपदाबाई. तिनं टाळूवर गार तेल थापलं. आबांना डुलकी यायला लागली. दिवा लालच. पट्टा दुरुस्त करणारा धुळ्याहून यायला दुपार होणार. दार तोडावं तर चेंबर कामातून गेलं. आतून गोड वास सुटला. नाना मदतीला धावत आले, तर आबांनी त्यांना मिठीच मारली. लाल!

"खरं सांगा," धुरपदाबाई म्हणाली, "पयले पट्टा बांधा तवय मनमा काय आनं व्हतं?"

आबांनी मान खाली घातली. "हाऊ शालिग्राम. मना घड चोरी लई जाई ऱ्हायना, अशा."

नानांचं तोंड उतरलं. पण आतला वास वाढत होता. "मंग समज ना, मीच चोर शे!"

"कसा समजू? तू आन लिधी ना!"

"अरे समज रे! मनी इज्जत गयी तं गयी, तुना माल तं वाचाड!"

आबांनी जोर लावला. कपाळाच्या शिरा फुगल्या. लाल.

धुरपदाबाई पदरानं हात पुसत हळूच म्हणाली, "नाना, कानबाईना नारय तं मना मांडीवर व्हता. तुमना हातमा तो चटनीना व्हता ना?"

आबांनी सावकाश मान वळवली. डोळे बारीक झाले. खट्! दिवा हिरवा.

ट्रक भरून गेला तसे नाना उसळले. "वहिनी, नारय कानबाईनाच व्हता!"

"माले मालूम शे. पन त्यासले सांगू नका, शुक्रवारले दुसरा ट्रक शे."

तेव्हापासून ट्रकच्या दिवशी नाना येतात, दाराची कडी हलवतात आणि चोरासारखे निघून जातात. मागच्या दारानं त्यांना चहा मिळतो.

आज नाना लेकीकडं धुळ्याला गेलेत. ट्रक बघा, उभा आहे. आबा पट्टा बांधून खाटेवर बसलेत, दिवा लाल. तुम्ही इथं नवखे, त्यात हातात रिकामी पिशवी. तेवढं दारापर्यंत जाऊन या ना, भाऊ. कडी जरा हलवा. आणि येताना आबांकडं अजिबात बघू नका.