खराडीतली निर्जन जागा

पुण्यात निर्जन जागा शोधावी तर मीच, असं मी केयूर आणि सलोनीला छातीठोकपणे सांगितलं होतं. कॉलेजच्या स्पर्धेसाठी आम्ही एक थरारपट करणार होतो. कथा माझी, दिग्दर्शन माझं, केयूर खुनी आणि सलोनी कॅमेऱ्यामागे. प्रेत लपवायला जागा तेवढी मिळायची होती.

हे काम किती अवघड आहे, ते खऱ्या खुन्यांनाच ठाऊक! टेकडीवर गेलो, तर झुडपामागे हास्यक्लब. कात्रजच्या जुन्या घाटात एका आजोबांनी आमची चौकशी केली, मग आमच्या आईवडलांची, मग मार्कांची. आमच्या खडकीत तर दारूगोळ्याच्या कारखान्याच्या भिंतीकडे नुसतं रोखून पाहिलं तरी शिट्टी वाजते, आणि माझे बाबा तिथेच नोकरीला.

शेवटी खराडी गाठली. तेव्हा तिथे आयटीच्या इमारती नुकत्याच उगवत होत्या. माझी ताई, पूर्वा, त्यातल्याच एकीत कामाला होती. कुठल्या, ते मला माहीत नव्हतं. कंपनीची बस तिला न्यायची आणि आणून सोडायची.

एका चकचकीत निळ्या इमारतीमागे मोकळा प्लॉट सापडला. कमरेएवढं गवत, बेवारस पडलेले सिमेंटचे मोठे पाइप आणि चिटपाखरू नाही. इमारतही रिकामी असावी, कारण आत काहीच दिसत नव्हतं. केयूरने तिच्या काचेत बघून केस सारखे केले आणि निवांतपणे एक मुरूम फोडला.

प्रेत कसं ओढलं जाईल हे बघायला मी स्वतःच गवतात आडवी झाले. केयूरने माझे पाय धरून मला फरफटत नेलं आणि अर्धं पाइपात ढकललं. सलोनी फोटो काढत होती. मी श्वास रोखून पडले होते. तेवढ्यात शिट्ट्या ऐकू आल्या, धावणारी पावलं ऐकू आली, आणि मग काहीच नाही. हे दोघे गप्प का, ते मला कळेना. काठ्या घेतलेले तीन वॉचमन येताना बघून ते पळाले होते, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला वाटलं, माझा अभिनय बघून भारावलेत.

मग कोणीतरी माझे पाय घट्ट धरले आणि हंबरडा फोडला, "निकिता!"

आवाज ताईचा होता. मी दचकून उठले आणि पाइपावर डोकं आपटलं. कशीबशी बाहेर आले. ताई अनवाणी उभी होती, गळ्यात ओळखपत्र, चेहरा पांढराफटक. तिने आधी मला एक सणसणीत थोबाडीत दिली, मग मिठी मारली, मग पुन्हा एक दिली.

इमारत रिकामी नव्हती. बाहेरून आरसा आणि आतून खिडकी अशी ती काच होती. चार मजले काम सोडून आमचा खून बघत होते. केयूरचा मुरूम तर जेवायला बसलेल्या एका अख्ख्या टेबलाने तोंडासमोर पाहिला होता.

केयूर आणि सलोनीला रस्त्यावरच पकडून आणलं होतं. हवालदार आले, त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि शांतपणे विचारलं, "प्रेत आपणच का?" मी मान डोलावली. मग त्यांनी आम्हाला चांगलं झापलं. आईवडलांना मात्र बोलावलं नाही. ताईच्या साहेबांनीही नोकरीचं काही काढलं नाही, फक्त तिला घरी जायला सांगितलं.

रिक्षात ताईने माझा हात खडकीपर्यंत सोडला नाही. मला भरून आलं. मी विचारलं, "ताई, एवढ्या उंचावरून मला कसं ओळखलंस गं?"

"तुला कुठे ओळखलं? ड्रेस ओळखला," ती नाक पुसत म्हणाली. "मला न विचारता माझा नवा ड्रेस घालणारी जगात एकच आहे."