जिभाऊंचे पाय

आमच्या गल्लीतून दूध डेअरी तीनशे पावलांवर आहे. जिभाऊंना तिथं पोचायला पाऊण तास लागतो. गुडघे दुखतात म्हणून नव्हे. वाटेतल्या पाच ठिकाणी ‘मन्हा पाय पडाव नही’ अशी त्यांनी शपथ घेतलेली आहे, म्हणून.

टपरीवर टवका उडालेल्या कपात चहा मिळाला, घेतली शपथ. न्हाव्यानं त्यांना ताटकळत ठेवून सरपंचाच्या मेव्हण्याची दाढी आधी केली, घेतली शपथ. (हिला माझा जाहीर पाठिंबा आहे.) पतपेढीची पायरी, पंचायतीचा ओटा, सख्ख्या साडूचं अंगण, सगळं वर्ज्य. मी बहिष्काराची पत्रकं घेऊन गावोगाव हिंडते. पण बहिष्कार इतक्या निष्ठेनं पाळणारा एकच माणूस मला भेटला, आणि त्याचे बहिष्कार सगळे बिनकामाचे!

बरं, पळवाटाही त्यांच्याकडेच. वर्ज्य गल्लीतून जायचंच असेल तर मुलाच्या, नीलेशच्या, मोटरसायकलवर मागे बसतात आणि गल्ली सुरू झाली की दोन्ही पाय हवेत. गल्ली संपली की खाली. वर आपल्यालाच विचारतात, “पाय टेकना का? नही ना!” साडूच्या पोरीच्या लग्नात मांडवाबाहेर बैलगाडीत बसून राहिले आणि तिथंच वरण-बट्टी जेवले. वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली.

इथवर मी हसते. वैशालीपाशी आलं की माझं हसू संपतं.

वैशाली त्यांची एकुलती लेक, माझी वर्गमैत्रीण. तिनं तापीपलीकडच्या भोयाच्या पोराशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं. त्याचं घर नदीच्या वाळूत टरबुजांची वाडी लावतं. कष्टाळू, निर्व्यसनी, पण जात दुसरी! भाऊबंदांची बैठक बसली. जिभाऊ उठले आणि म्हणाले, “त्या गावनी मातीवर मन्हा पाय पडाव नही.” लोकांनी माना डोलावल्या. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याच दारावर पत्रक चिकटवलं, ‘लेकीनं जोडीदार निवडला, गुन्हा नाही केला!’ जिभाऊंनी बाहेर येऊन पत्रकाचा कोपरा चिमटीत चोळून पाहिला.

“कागद चांगला शे. जाड शे.”

तेव्हापासून ते मला ‘पत्रक’ म्हणतात.

यंदाच्या आखाजीची गोष्ट. आखाजीला खान्देशातल्या लेकी माहेरी येतात, कडुलिंबांना झोके लागतात. जिभाऊंच्या दारातला लिंब तिसऱ्या वर्षीही रिकामाच होता. दुपारी, डांबर चपलेला चिकटतं अशा उन्हात, जिभाऊंनी नावेतून सहल काढली.

“तलाठीले ऊन सहन व्हत नही.”

तलाठी म्हणजे त्यांचा कुत्रा. गरज पडली की जागेवर सापडत नाही, म्हणून हे नाव.

“अशा उन्हात नदीवर कोण जातं, जिभाऊ?”

“तू बी चाल, पत्रक. तुन्हा कागद ली ले, वारा घालाले.”

नीलेश वल्ह्यावर. काकूंच्या, म्हणजे वैशालीच्या आईच्या, मांडीवर सांजोऱ्यांचा भला मोठा डबा. छत्री एकच, ती तलाठीवर. जिभाऊ उन्हात बसून माझ्या पत्रकानं कुत्र्याला वारा घालत होते. पाणी संथ होतं. मी पाय पाण्यात सोडले आणि, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. व्यवस्थेवरचा राग थोडा निवला.

“काकू, एवढ्या सांजोऱ्या कुणाला?”

“कुतराले आवडतस,” काकू पाण्याकडे बघत म्हणाल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, नाव पलीकडच्या काठाकडे चालली होती.

काठ हाकेच्या अंतरावर आला तसा तलाठी उडी मारून पोहत सुटला. वाळू ओलांडून थेट वैशालीच्या खोपीच्या सावलीत जाऊन पसरला. जिभाऊंनी हाका मारल्या. तो नावाला जागला.

“आता?” मी विचारलं. “शपथ आहे ना?”

जिभाऊंनी धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. गुडघाभर पाण्यात थांबले. “पानी सरकारनं शे. गावनं नही.”

वैशालीही दीड वर्षाच्या पोरीला खोपीच्या दारात बसवून समोरून पाण्यात आली. तीन वर्षांचा अबोला, मध्ये चार हात नदी. जिभाऊ लांब लोळणाऱ्या कुत्र्याला म्हणाले, “तलाठी, तिले सांग, पोर वाळी गई.”

“तलाठी, त्यासले सांग, पोर वाळेल नही. दात यी ऱ्हायनात.”

“तिले सांग, टरबूजले पानी कमी पडी ऱ्हायनं.”

“त्यासले सांग, आपली केळी सांभाळा!”

मला दोघांनाही पाण्यात बुडवावंसं वाटत होतं. पण आमची नाव गाळात रुतली होती. मी आणि नीलेश पाठमोरे होऊन ती ढकलू लागलो. वैशाली काकूंकडून डबा घ्यायला नावेपाशी आली.

तेवढ्यात किंकाळी. तलाठी एकदाचा उठून पाण्याकडे निघाला होता आणि वैशालीची पोर अनवाणी त्याच्यामागे खोपीबाहेर धावली होती. दुपारची वाळू म्हणजे तापलेला तवा.

मी वळले तेव्हा जिभाऊ होते तिथंच गुडघाभर पाण्यात उभे होते. पोर त्यांच्या काखेत. तिची पावलं ते पाण्यात बुडवून धरत होते आणि तोंडानं फुंकर घालत होते. वाळूवर ओल्या पावलांची एक ओळ खोपीपर्यंत गेली होती आणि एक परत आली होती. लांब लांब टाकलेली पावलं. बघता बघता ती उन्हात वाळून चालली होती.

सगळ्यांनी ती पाहिली. आम्ही पाहतोय, हे जिभाऊंनी पाहिलं.

“तलाठीना पाय शेतस,” ते म्हणाले.

वैशाली कुत्र्याकडे वळून म्हणाली, “तलाठी, तू दोन पायवर कधीपाईन पळाले लागना रे?”

पोर आजोबाच्या मिशा ओढत होती. जिभाऊंनी तिला लगेच परत दिलं नाही.

परतताना काकूंनी माझ्या पिशवीतली पत्रकं न विचारता काढली, नदीत भिजवली आणि जिभाऊंच्या भाजलेल्या तळव्यांना गुंडाळली. जाड कागद. टिकला.

दुसऱ्या दिवशी जिभाऊ नीलेशच्या मागे बसून गावभर फिरले. टपरी, न्हावी, पतपेढी, अगदी त्यांची स्वतःची गल्ली, सगळीकडे दोन्ही पाय वर. लोक म्हणाले, म्हाताऱ्यानं आता सगळ्या गावावरच शपथ घेतली की काय. मला विचारायला आले, कारण मला कुठली गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

“असेल,” मी म्हटलं.