बारा स्टुलांचे एकोणीस साक्षीदार

आधीच सांगून ठेवते, आमच्या दफ्तरखान्यात चूक होत नाही! निदान माझ्या हातून तरी नाही. सव्वीस वर्षं मी राष्ट्राध्यक्ष ड्वेन हॉलिस्टर यांचे कागद सांभाळते आहे. त्यांची भाषणं, पत्रं, निवडणुकीची पत्रकं, झालंच तर कपडे धुवायला टाकल्याच्या चिठ्ठ्यासुद्धा! चार हजार खोकी आहेत, आणि कुठल्या खोक्यात काय आहे ते मला झोपेतून उठवून विचारा. आयोवातल्या आमच्या ॲशबी गावात बघण्यासारख्या गोष्टी दोनच, एक मका आणि दुसरं हे राष्ट्राध्यक्षांचं ग्रंथालय. मका बघायला कोणी येत नाही.

तर यंदा, म्हणजे २००८ साली, 'त्या दुपारी'ला पन्नास वर्षं होत होती. ती दुपार आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. फेब्रुवारी १९५८, बाहेर बर्फाचं वादळ, आणि व्हर्ना योस्टबाईंच्या कॅफेत अडकलेली मंडळी. बियाणं विकणारे हॉलिस्टर स्टुलावर चढले आणि म्हणाले, "मंडळी, मी निवडणुकीला उभा राहतोय!" तिथून जे निघाले ते राज्याची विधानसभा, मग गव्हर्नर, मग थेट व्हाइट हाउस!

आता हिशेब तुम्हीच करा. कॅफेत स्टुलं बारा. वादळ असं की आतला बाहेर जाईना आणि बाहेरचा आत येईना. मग पन्नास वर्षांनी त्यातले हयात किती असावेत? पाच? सहा? आमच्याकडे एकोणीस निघाले! ज्यांना बोलावणंच नव्हतं ते पहिल्या पंगतीला, तशातली गत. आणि गावात जो तो सांगत फिरे ती आठवण एकच. हॉलिस्टरसाहेब सगळ्यांना सोडून माझ्याकडे वळले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मलाच विचारलं, "तू काय म्हणतोस?"

त्या एकोणिसांत माझे वडीलही होते, अल्विन वेल्स.

बाबा तेव्हा बावीस वर्षांचे होते, गावात दुधाच्या बाटल्या पोचवायचे. साहेबांनी त्यांनाच विचारलं, आणि नंतर वादळातून साहेबांना घरापर्यंत त्यांनीच सोडलं. त्या पायपिटीत बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. लहानपणी मी मैत्रिणींना घरी आणून तो पाय दाखवायची! बाबांनी पुढे साहेबांच्या प्रत्येक निवडणुकीत अंगणात पाट्या ठोकल्या, दारोदार फिरले, आणि साहेब गेले तेव्हा आठवडाभर दाढी केली नाही. मी या नोकरीला लागले तीही त्या दोन बोटांच्या अभिमानानंच.

पन्नाशीच्या समारंभासाठी आमचे संचालक प्रेस्कॉट डेल यांनी कॅफेचा काउंटर हुबेहूब उभा करून घेतला. मूळ स्टुलं बारा, पण साक्षीदार एकोणीस. मग काय, सुताराला बोलावून आणखी सात स्टुलं जोडली!

"पण साहेब, मुळात बाराच होती," मी म्हणाले.

"ग्वेन, इतिहास सगळ्यांना सामावून घेतो," डेलसाहेब म्हणाले. "फक्त ज्याच्या कागदावर सही नाही, त्याला स्टूल नाही."

हा सहीचा प्रकार असा. आठवण आधी ध्वनिमुद्रित होते. मग ती टाइप होते आणि ज्याची त्याला तपासायला जाते. त्यानं पेन्सिलीनं दुरुस्त्या करायच्या, खाली सही करायची आणि दोनपैकी एका चौकोनात खूण करायची. 'आता खुली करा', नाहीतर 'माझ्या मृत्यूपर्यंत बंद ठेवा'. आतल्या पानांवर बोलणाऱ्याचं नाव नसतं, नुसतं प्रश्न आणि उत्तर. नावाचं पान सही झाल्यावर जोडतात. शिवाय सही होईपर्यंत मी त्यातली ओळही वाचत नाही. आमच्या धंद्याचा हा सोवळेपणा, आणि इथं तर वडील गुंतलेले!

मी एकोणीस पत्रं छापली, एकोणीस आठवणींचे गठ्ठे मांडले, आणि आडनावांच्या क्रमानं भराभर पाकिटं भरली. शेवटी एक पत्र हातात उरलं. मी म्हटलं, मशीननं एक जास्त छापलं असणार. वरचं नाव न बघताच चुरगाळून टाकून दिलं!

त्या चुरगाळलेल्या पत्रात माझी सव्वीस वर्षं गेली हो. मशीननं जास्त छापलं होतं खरं, पण ते पहिलंच पत्र, श्रीमती ॲबट यांचं. ते दोनदा आलं होतं. म्हणजे तिथून पुढं प्रत्येक पाकिटात पत्र एकाचं आणि आठवण त्याच्या पुढच्याची! ॲबटबाईंना पाकिटं गेली दोन, आणि यादीत शेवटच्या असलेल्या व्हर्नाबाईंना गेलं शून्य.

तुम्ही म्हणाल, लोकांच्या लक्षात आलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं! पण दोन आठवड्यांत अठरा कागद परत आले, आणि अठराही सह्या करून! ॲबटबाईंनी तर दोन्ही आठवणींवर सही ठोकली होती. एकीत त्या काउंटरच्या डाव्या टोकाला बसल्या होत्या आणि दुसरीत उजव्या. साक्षीदारांतल्याच एका दंतवैद्यांनी फक्त टोमॅटोच्या सुपाचं चिकन सूप केलं होतं. बाकी सगळं त्यांना लख्ख आठवत होतं, दुसऱ्याचं!

मला पत्ता लागला तो न्यायाधीश थॉर्प यांच्या कागदावरून. नावाचं पान जोडता जोडता नजर खाली गेली आणि एक ओळ दिसली. 'साहेबांना घरी सोडताना माझ्या पायाची दोन बोटं गेली.' मी हबकलेच. हे तर बाबांचं! थॉर्प दर गुरुवारी नगरपालिकेच्या तलावावर पोहायला येतात, दहाही बोटं ठणठणीत. आणि समासात त्यांच्या सुवाच्य अक्षरात पेन्सिलीची दुरुस्ती होती, 'दोन नव्हे, तीन.'

मी धावतच डेलसाहेबांकडे गेले. "साहेब, घोटाळा झालाय! सगळ्या आठवणी एकमेकांच्या झाल्यात!"

त्यांनी शांतपणे कागद चाळले. "सह्या आहेत?"

"आहेत, पण..."

"तक्रार कोणी केली?"

"नाही, पण..."

"मग घोटाळा कसला? अठरा सह्या म्हणजे अठरा आठवणी. एकोणिसावी कुणाची राहिली?"

"माझ्या वडिलांची."

"शुक्रवारी पाचपर्यंत आणा. नाहीतर त्यांचं स्टूल काढावं लागेल, सुतार तसाही इथंच आहे."

मी गाडी काढली आणि बाबांच्या वृद्धाश्रमात गेले. बाबा खिडकीशी बसले होते. मांडीवर ते पाकीट, आणि कागदांच्या कडा वाचून वाचून मऊ पडलेल्या.

"बाबा, चुकून दुसऱ्याचा कागद आलाय तुम्हाला. द्या इकडे, मी तुमचा आणते."

"माहीत आहे मला," बाबा म्हणाले. "हा व्हर्नाचा आहे."

"तुम्ही वाचलात?"

"नऊ वेळा. बस खाली, आता तू वाच."

मी वाचलं. व्हर्नाबाई सांगत होत्या, 'साहेबांनी कुणाला काही विचारलं नाही, ते स्वतःच बोलत होते. मध्येच दारावर थापा पडायला लागल्या. दूधवाला अल्विन वेल्स होता, त्याची गाडी बर्फात रुतली होती. काचेतून तोंड दिसत होतं त्याचं. मी कडी काढायला निघाले तर साहेबांनी हात वर केला. म्हणाले, "माझं बोलणं होईपर्यंत दार कोणी उघडू नका, ऊब जाते." ते चाळीस मिनिटं बोलले. सगळे ऐकत होते. थापाही ऐकत होते.'

ज्या पायाचं मी गावभर कौतुक केलं, तो पाय त्या दाराबाहेर गोठत होता! आणि आत त्या माणसाच्या पहिल्यावहिल्या भाषणाला टाळ्या पडत होत्या.

"वाऱ्यामुळे त्यांना ऐकू येत नसेल, असं धरून चाललो होतो मी," बाबा म्हणाले. "पन्नास वर्षं."

"मग आत होतो असं का सांगितलंत?"

"तू पाच वर्षांची होतीस. विचारलंस, बाबा, बोटं कुठं गेली? काय सांगणार होतो? दार उघडलं नाही म्हणून गेली? एकदा सांगून बसलो. मग तू मैत्रिणी आणायला लागलीस."

माझा जीव तुटला. चुकीचं पाकीट पाठवलं कुणी? मीच! साऱ्या गावात त्या कागदानं ज्याच्या मनाला लागलं असतं, नेमकं त्यालाच मी तो पोस्टाचं तिकीट लावून घरपोच केला होता.

मी बाहेर येऊन व्हर्नाबाईंना फोन लावला. ऐंशी वर्षांच्या आहेत, पण आवाज अजून खणखणीत.

"व्हर्नाबाई, तुम्हाला पाकीट आलंच नाही ना?"

"नाही आलं ते बरंच झालं. मला तुमचं ते स्टूल नको."

"का हो?"

"अगं, मी त्या दिवशी स्टुलावर बसलेच नव्हते. काउंटरच्या आत उभी राहून कॉफी ओतत होते! तुमच्या त्या बाकीच्या अठरांना विचार, कॉफी कुणी ओतली? एकालाही आठवायची नाही." मग म्हणाल्या, "अल्विनला सांग, मी कडीला हात लावला होता. काढली नाही, तेही सांग."

मी तावातावानं खोलीत परतले. "बाबा, सगळं बाहेर काढू या! 'आता खुली करा'वर खूण करा. समारंभाच्या तोंडावर छापून येऊ दे. त्या डेलची स्टुलं त्याच्याच गळ्यात पडू देत!"

बाबांनी पेन्सिल मागितली. मला वाटलं, शाबास! म्हाताऱ्यात अजून धग आहे. त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला, 'चाळीस' खोडलं आणि वर लिहिलं 'पंचावन्न'.

"धान्याच्या कोठारावरचं घड्याळ समोरच दिसत होतं," ते म्हणाले. मग खाली सही केली, आणि 'माझ्या मृत्यूपर्यंत बंद ठेवा' या चौकोनात खूण केली.

"अहो, हे काय? आणि ही आठवण व्हर्नाबाईंची आहे!"

"माझीपण आहे. मी बाहेरून बघितलं, तिनं आतून."

"मग सांगा ना लोकांना! कशाला झाकायचं त्या माणसाचं?"

"त्याचं कोण झाकतंय? सांगितलं तर माझं स्टूल जाईल."

"बाबा, त्या खोट्या स्टुलावर बसणार तुम्ही? हे वाचल्यावरसुद्धा?"

"हे वाचल्यावरच," बाबा म्हणाले. "मला आत बसायचंय, पोरी."

शुक्रवारी पावणेपाचला मी कागद डेलसाहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी सही बघितली, 'बंद'वरची खूण बघितली आणि मजकूर न वाचता म्हणाले, "बघा, झालं की नाही व्यवस्थित?"

समारंभाला अख्खा जिल्हा लोटला. काउंटर झळकत होता, एकोणीस सह्यांची स्टुलं एकोणीस, माणसं अठरा. व्हर्नाबाईंच्या रिकाम्या स्टुलावर डेलसाहेबांनी आपला कोट ठेवला होता. बाबांनी माझ्या लग्नातला निळा सूट घातला होता. आडनावांच्या क्रमानं बसवल्यामुळे त्यांच्या शेजारी आले न्यायाधीश थॉर्प. टीव्हीवाली बाई माईक घेऊन एकेकापुढे जात होती आणि प्रत्येक जण, जिच्यावर सही केली होती तीच आठवण, अगदी रंगवून सांगत होता.

थॉर्प यांची पाळी आली. "साहेब माझ्याकडे वळले," ते म्हणाले, "आणि विचारलं, तू काय म्हणतोस? मग मीच त्यांना घरी सोडलं. तीन बोटं गेली माझी, पण एका बोटाचंही दुःख नाही!"

लोक कळवळले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. मी मात्र बाबांकडे बघत होते. कारण बाबांची उभ्या जन्मात सांगितलेली एकुलती एक गोष्ट शेजारच्यानं त्यांच्या डोळ्यांदेखत सांगून टाकली होती! आता त्यांच्याजवळ सांगण्यासारखं उरलं होतं ते फक्त खरं. मी मनात म्हटलं, सांगा बाबा, आता तरी सांगा.

बाईनं माईक पुढे केला. "आणि वेल्सकाका, तुम्हाला काय आठवतं?"

बाबांनी थॉर्पच्या बुटांकडे बघितलं. मग समोरच्या गर्दीकडे बघितलं. काउंटरवर दोन्ही हात नीट ठेवले.

"न्यायाधीश सांगतात ते अगदी खरं आहे," बाबा म्हणाले. "मी शेजारीच बसलो होतो."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि खोटं कशाला बोलू, पहिली टाळी माझीच होती.