बॅच नंबर एन-एक

"या बडनेऱ्यात नियमानं चालणाऱ्या गोष्टी दोनच," कमलाकांत देवपुजारी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. "एक माझं मेडिकल. दुसरी मी अजून शोधून राहिलो!"

बढाई होती, पण अगदीच हवेतली नव्हती. जुन्या वस्तीतल्या देवपुजारी मेडिकलमध्ये परवाना फ्रेममध्ये होता आणि डी. फार्म.चं सर्टिफिकेट त्याहून मोठ्या फ्रेममध्ये. एप्रिलच्या चव्वेचाळीस डिग्रीतही कमलाकांत पांढरा कोट घालून, उकडलेल्या अंड्यासारखे काउंटरमागे उभे असत. मुदत संपलेल्या गोळ्यांना वेगळा कुलूपबंद डबा होता. चिठ्ठीशिवाय सख्ख्या साळ्यालाही झोपेची गोळी मिळाली नव्हती. साळा तेव्हापासून जागाच होता, आणि बोलत नव्हता.

या सगळ्या नियमांना एकच भोक होतं, ते फ्रिजला.

औषधांच्या फ्रिजमध्ये औषधंच ठेवावीत आणि तापमान दोन ते आठ डिग्रीच असावं, असा नियम. आता उन्हाळ्यात दुपारी वस्तीतली लाइन कुठं जाते, ते तिचं तिलाच माहीत. तेवढा वेळ फ्रिज चाले तो शेजारच्या ताहेरभाईंच्या जनरेटरवर. ताहेरभाई मंडप-डेकोरेशनवाले. भिंतीतून एक वायर इकडे आली होती, आणि त्या वायरच्या पाठोपाठ त्यांच्या बायकोचं, म्हणजे बिल्कीसआपांचं, दही, पन्हं आणि मळलेली कणीकही इकडे येत होती. म्हणजे नियम मोडला तर इन्शुलिन थंड आणि पाळला तर इन्शुलिनचा काढा! कायद्यात या परिस्थितीला कलम नव्हतं.

त्यात अमरावतीहून बातमी आली. नव्या औषध निरीक्षक, रूपाली टेकाडे मॅडम, पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार! म्हणे, एका दुकानाच्या फ्रिजमध्ये अर्धं लिंबू सापडलं, तर बाईंनी पंधरा दिवस शटर पाडलं.

"अर्ध्या लिंबाचे पंधरा दिवस," कमलाकांत बायकोला म्हणाले. "तारा, आपल्याकडे तर कणकेचा गोळा असतो!"

समोरच नुकतंच एक चकाचक, एसीवालं मेडिकल उघडलं होतं. पंधरा दिवस शटर खाली राहिलं, तर गिऱ्हाईक रस्ता ओलांडणार, आणि एकदा एसीत गेलेला माणूस एप्रिलमध्ये परत येत नसतो!

"आपांना स्पष्ट नाही म्हणून सांगा," तारा म्हणाली.

"सांगतो. उद्याच सांगतो."

उद्या गुरुवार होता. सकाळी आठला बिल्कीसआपा हजर, मागे पोरांच्या हातात दोन मोठी तबकं, तबकांत तांदळाच्या खिरीच्या, झाकण लावलेल्या मातीच्या चाळीस वाट्या.

"भाऊ, आज आमच्या पोरीची, नगमाची मंगनी हाय. अकोल्याचे पाहुणे बारा वाजता येऊन राहिले. आमच्या फ्रिजमंदी मटन हाय. ही फिरनी तुमच्यात."

"आपा, ते... म्हणजे नियम असा आहे की..."

"कोनता नियम?"

कमलाकांतांनी एकदा आपांकडे पाहिलं, एकदा भिंतीतून आलेल्या वायरकडे पाहिलं. "चाळीसच का? अजून असतील तर आणा!"

पण माणूस नियमाचा! फ्रिजमध्ये बिनलेबलाची वस्तू? रात्री झोप लागली नसती, आणि गोळीला चिठ्ठीही नव्हती. शिवाय कुणी पाहिलंच, तर खाण्याचा पदार्थ आहे हे कळायला नको. कमलाकांतांच्या डोक्यात एक झकास युक्ती आली. त्यांनी लेबलचं मशीन काढलं आणि तासाभरात चाळीस झाकणांवर चाळीस लेबलं बसवली: 'एफ-४०. बॅच नं. एन-१. निर्मिती: आज. मुदत: उद्यापर्यंत. थंड जागी ठेवा. जेवणानंतर एक.'

"हे शेवटचं काहून लिहिलं?" तारानं विचारलं.

"त्याशिवाय ते खरं वाटत नाही!"

साडेअकराला दुकानासमोर एक स्कूटी थांबली. हेल्मेटखालून तिशीची, शांत चेहऱ्याची बाई निघाली.

"टेकाडे. औषध निरीक्षक."

"मॅडम, तुम्ही तर पुढच्या आठवड्यात..."

"तसं सगळ्यांनाच सांगते," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी परवाना पाहिला. रजिस्टरं पाहिली. कुलपाचा डबा उघडून पाहिला. प्रत्येक ठिकाणी "ठीक" म्हणाल्या. पाचव्या "ठीक"ला कमलाकांतांची छाती कोटाची बटणं ताणू लागली. मग मॅडमनी फ्रिज उघडला.

फ्रिजमधून वेलचीचा असा घमघमाट आला की काउंटरवरच्या गिऱ्हाइकानं खोकल्याचं औषध मागायचं सोडून "कोणाचं लग्न हाय?" विचारलं.

मॅडमनी एक वाटी उचलली. लेबल सावकाश वाचलं.

"हे काय आहे?"

खाण्याचं म्हणावं, तर शटर खाली! कमलाकांतांच्या डोळ्यांसमोरून अर्धं लिंबू गेलं.

"औषध आहे," ते म्हणाले.

"कशावर?"

"अशक्तपणावर!"

"बिल दाखवा खरेदीचं."

"ते... यायचंय."

"ठीक," मॅडम म्हणाल्या, पण या "ठीक"ची चव वेगळी होती. "बघा, खाण्याचा पदार्थ असेल, तर तसं लिहिते. औषध असेल, तर बिनबिलाचं आहे, नमुना घ्यावा लागेल. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

तारा मागून कुजबुजली, "अहो, खरं सांगून टाका ना!"

"औषध," कमलाकांत म्हणाले. आवाज इतका बारीक, की तोही ड्रॉपरनं मोजावा.

मॅडमनी बॅगेतून कागद, दोरा, मेणबत्ती आणि लाख काढली. चार वाट्या रांगेत ठेवल्या. प्रत्येकीला कागदात गुंडाळलं, दोरा बांधला, लाखेचा ठप्पा मारला.

"एक प्रयोगशाळेला. एक कोर्टासाठी. एक तुमच्याकडे, सील न तोडता जपून ठेवायची. आणि चौथी ज्यानं हे पुरवलं त्याला. उत्पादकाचं नाव?"

कमलाकांतांनी घाम पुसला. "बिल्कीस... लॅबोरेटरीज."

"पत्ता?"

पत्ता दारातूनच आत आला. डोक्यावर जरीची ओढणी, हातात रिकामं तबक!

"भाऊ, लवकर काढा! पाहुणे बसले जेवाले! या अल्ला, माह्या फिरनीले लाख काहून लावली?"

मॅडमनी चौथी वाटी उचलली आणि आपांच्या हातात ठेवली.

"उत्पादकाची प्रत. इथं सही करा."

"म्या बनवली, मलेच सही?" आपा कडाडल्या. "काहून हो भाऊ, काय सांगतलं तुमी या बाईले?"

"आपा, सही करा. मी मग सांगतो."

आपांनी सही केली आणि छत्तीस वाट्या घेऊन गेल्या. लेबलं सोडवायला वेळच नव्हता. होणारे व्याही बारा वर्षांचे डायबेटिसवाले, फिरनी पाहून आधी हातच जोडत होते. मग त्यांनी झाकण वाचलं, 'जेवणानंतर एक'. "मेडिकलमधून आली म्हणजे चालते," म्हणत त्यांनी तीन संपवल्या. मंगनी पक्की झाली.

इकडे मॅडमनी शेरा लिहिला: "फ्रिजचे तापमान समाधानकारक. लेबलिंग गरजेपेक्षा समाधानकारक. नमुन्याचा अहवाल येईपर्यंत निर्णय राखून." शटर वाचलं, पण टांगलेलं!

पुढचा महिना कमलाकांतांनी कसा काढला, ते विचारू नका. फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ती सीलबंद वाटी. मुदत संपलेली! आख्ख्या दुकानात कुलपाबाहेर मुदतबाह्य वस्तू ती एकच, आणि कायद्यानं नेमकी तीच फेकायची नाही. वास यायला लागला. तारा फ्रिज उघडताना नाकाला पदर लावी. गिऱ्हाइकं म्हणत, "देवपुजारी, तुमचं इन्शुलिन भलतंच कडक झालं!"

अखेर लिफाफा आला. चहाला आलेल्या आपांसमोर तारानं तो वाचला:

"नमुना बॅच नं. एन-१ चे प्रमाण चाचणीच्या दरम्यान अपुरे पडले. त्याच उत्पादकाच्या किमान बारा वाट्या सत्वर पाठवाव्या."

मग आपांनी कप खाली ठेवला.

"सांगा त्याईले, पुढच्या महिन्यात नगमाचं लग्न हाय. घरच्यासारखं या म्हनावं. टेकाडे बाईलेबी घेऊन या."

कमलाकांतांच्या अंगात एकदम जीव आला. त्यांनी लेबलच्या मशीनकडे हात नेला. "आपा, मग बॅच नंबर एन-दोन टाकू का?"

"भाऊ," आपा म्हणाल्या, "एक जरी लेबल लावलं, तं वायर काढून नेईन."