राणीसाहेबांच्या कॉब्लरची आणि खरवडीची हकीकत

श्रीलंबोदर प्रसन्न. ज्याचे हाती मोदक आणि पोटी ब्रह्मांड, त्यास नमन करोन लेखक लिहितो ऐसी जे: शके सतराशे बारा, संवत्सराचे नाव आठवत नाही, परंतु रायवळ आंबा उतरणीस लागला होता इतके पक्के, ते समयी राज्यात मोठी धामधूम उडाली. शत्रू चालून आला नव्हता. राणीसाहेब सगुणाबाई यांच्या कन्या द्वारकाऊ माहेरपण आटोपून दुसरे दिवशी सासरी, बंदरावर, निघणार होत्या आणि घराण्याची चाल ऐसी की, लेक निघण्याचे आदले दिवशी आईने स्वहस्ते गोडाचा घास भरवावा. परंतु मागे एकदा द्वारकाऊंनी गोठ्यात गाईपासून वासरू ओढून नेताना पाहिले आणि गाय हंबरत राहिली ती ऐकिली आणि त्याच दिवशी दूध, दही, तूप, मध सर्व वर्ज्य केले. मग गतसाली बासुंदीचा घास तसाच परत गेला आणि तो राणीसाहेबांचे काळजात सलत राहिला.

यंदा घास परत येता कामा नये, ऐसा निश्चय करोन बाईसाहेबांनी पदर खोचला. बंदरावरील फिरंगिणी कॉब्लर नामे पक्वान्न करितात, खाली फळे, वर कणकेचे गोळे आणि सर्व भट्टीत भाजणे, ऐसे लेकीच्या तोंडून त्यांनी ऐकिले होते. मग आंबे चिरिले आणि करवंदे निवडिली आणि गूळ, सुंठ घातली आणि नारळाच्या घट्ट दुधात कणीक भिजविली आणि तुपाचे जागी खोबरेल घातले. महाराज डोकावून बोलिले की, तुपावाचून पक्वान्न म्हणजे छत्रावाचून सिंहासन. राणीसाहेबांनी त्यांस दरबार पाहण्यास सांगितले. मग मुदपाकखान्यामागील पाववाल्याच्या भट्टीत टोप सरकविला आणि काय तो घमघमाट सुटला! पहारेकरी देवडी सोडून मुदपाकखान्याशी आले आणि महाराज दरबार अर्धा टाकून पुन्हा आले आणि राणीसाहेब लहान पोरीसारख्या भट्टीभोवती येरझारा घालू लागल्या. टोप निघाला तो सोनेरी, रस कडेने खदखदत आहे. तो रुप्याच्या परातीत उपडा केला आणि पंगत बसली.

आता त्या घरची दुसरी चाल. अन्नावर तुपाची अन्नशुद्धी झाल्यावाचून कोणी घास उचलू नये आणि ती राणीसाहेबांचेच हातून. हातास जन्माची सवय आणि हर्ष तो पोटात मावेना, त्या भरात बाईसाहेबांनी पळी उचलली आणि परातभर तुपाची धार धरली. पळी रिती जाहली तेव्हा ध्यानी आले. आईसाहेबांचे मुख पाहोन द्वारकाऊंस राहवेना.

"आईसाहेब, भरवा. आजच्यापुरते चालेल मला."

"नाही. माझ्या समाधानासाठी तुझा नेम मोडायचा, असला घास मी भरवणार नाही."

इतके बोलोन त्या उठल्या आणि डोळे पुशीत मुदपाकखान्यात गेल्या. तेथे तो रिकामा टोप होता आणि त्याचे बुडाशी खरवड लागली होती, गुळाने तांबूस जाहलेली, करवंदांनी काळसर, आणि तुपाचा थेंब तीस शिवला नव्हता. याच खरवडीसाठी द्वारकाऊ लहानपणी चुलीपाशी ठिय्या देत. राणीसाहेबांनी उलथने घेतले आणि टोप असा खरवडला की पंगतीत ऐकू गेले. मग द्वारकाऊ धावत आल्या आणि दोघी भुईवरच बसल्या आणि आईने घास पुढे केला आणि लेकीने तो घेतला.

"आणखी आहे?" द्वारकाऊंनी विचारिले.

एकंदर हकीकत ऐसी. महाराजांनी तूपवाला कॉब्लर परातीसकट फस्त केला आणि उत्तम म्हणाले. यापुढे लेक माहेरी असेतो अन्नशुद्धी नारळाच्या दुधाची व्हावी, ऐसा हुकूम सुटला. दुसरे दिवशी मेणा निघाला तेव्हा राणीसाहेब रडल्या नाहीत, ऐसे दरबारी लिहिले आहे. ते खोटे. पुष्कळ रडल्या, परंतु डाव्या हाताने डोळे पुशीत होत्या. उजव्या हातास अजून कालच्या घासाच्या गुळाचा वास होता. लेखनसीमा.