ठोंब्या आणि चोंबडा

साबणाच्या कारखान्यातला वड्यांचा पट्टा दोन महिने रोज सकाळी अकराच्या सुमारास बंद पडत होता, आणि मालक त्याचं खापर फोरमनकाकांच्या माथी फोडत होते. बावीस वर्षं हा पट्टा सांभाळलेल्या काकांनी सगळे बोल्ट पिळून पाहिले, पण गुण काही येईना.

"कोणीतरी मुद्दाम करतंय," मालक नव्याकोऱ्या काचेच्या केबिनमध्ये विजेच्या किटलीतून चहा ओतत म्हणाले. एकाच कपात. "आठ दिवसांत चोर सापडला नाही, तर काका, पट्टा मी दुसऱ्याच्या हाती देणार."

काकांनी मनातल्या मनात आपलं वय मोजलं. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

चोर धरायला कॅमेरा हवा, आणि मालकांचा मेहुणा नेमका कॅमेरेच विकायचा. "दाजी, फिरता घ्या. जिथे हालचाल, तिथे त्याची मान."

"मला पट्टा बघायचाय, जत्रा नाही. एका जागी बसणारा दे."

"मग आठवडाभर दोन्ही लावून बघा. फुकट."

फुकट म्हटल्यावर मालकांचा विरोध विरघळला. कामगारांनी पहिल्याच दिवशी दोघांचं नामकरण केलं: एका जागचा तो ठोंब्या, फिरता तो चोंबडा. चोंबड्याने नुसता वात आणला. कोणी नाक खाजवलं, वळला. मांजर गेलं, वळला. तो वळेल तिकडे कामाला ऊत यायचा, आणि पाठ फिरली की तिथली माणसं निवांत टेकायची. "मेल्याला घरदार नाही," पॅकिंगच्या मावशी म्हणाल्या.

शनिवारी मालक, मेहुणा आणि काका केबिनमध्ये चित्रण बघायला बसले. ठोंब्याने इमानदारीत दाखवलं: सोमवार, अकरा दहा, पट्टा थांबला, आसपास कुत्रंही नाही.

मग चोंबडा लावला. अकरा नऊला काचेपलीकडे मालक खुर्चीतून उठले. ती हालचाल काही लहानसहान नव्हती, चोंबड्याने झटकन मान वळवली. मालकांनी किटलीचं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी काचेअलीकडे पट्ट्याचा दिवा विझला.

मंगळवारीही तेच. बुधवारीही तेच.

"पुरे," मालक म्हणाले.

"दाजी, अजून तीन दिवस आहेत," मेहुणा भाबडेपणाने म्हणाला.

काकांनी घसा साफ केला. "केबिनची लाइन कुठून घेतलीय, साहेब?"

"पट्ट्याच्याच बोर्डावरून. वायरमन म्हणाला, जवळ पडेल." मालकांनी किटली जरा मागे सरकवली. "स्थिरच घेऊ. हा फिरता कामाचा नाही, नको तिकडे बघतो."

काकांना मात्र त्या चोंबड्याचा मुका घ्यावासा वाटत होता.

सोमवारी किटली काकांच्या टेबलावर आली, त्या खोलीची लाइन वेगळी होती. अकरा दहाला पट्टा सुरळीत चालू होता आणि मालक रिकामा कप घेऊन दारात उभे होते.

"काका, झाला का चहा?"

"थांबा जरा," काका म्हणाले. "आधी पट्ट्यावर एक नजर टाकून येतो."

आणि ते सावकाश, अगदी सावकाश निघाले.